बंद घर, लाल धुरळा आणि विहिरीवरची बाई : कोकणातल्या कथेचे जुने साचे ओळखायचे कसे, ताजे करायचे कसे

कोकणात घडणारी कथा लिहायला बसलं की काही गोष्टी न बोलावता येऊन उभ्या राहतात. फाट्यावर थांबलेली एसटी आणि मागचा लाल धुरळा. कौलं फुटलेलं बंद घर. वीस वर्षांनी मुंबईहून परतणारा मुलगा. तिन्हीसांजेला विहिरीवर दिसणारी बाई. समुद्राने नेलेला बाप. आंब्याच्या कलमांवरून एकमेकांचं तोंड न बघणारे भाऊ. सगळं जाणणारी, दातवण लावत बसलेली आजी. हे कथेचे साचे. ते आधीच्या लिहिणाऱ्यांनी वापरले म्हणून आपल्याला आठवतात, आणि आपल्याला चटकन आठवले म्हणून वाचकालाही आधीच ठाऊक असतात.

तरीही साचा टाकून द्यायची गरज नसते. सिंधुदुर्गात दशावताराला बसलेल्या माणसाला आख्यान लहानपणापासून पाठ असतं. पारंपरिक दशावतारात लेखी संहिता नसते. आख्यान ठरतं, पात्रं वाटली जातात आणि संवाद उभ्या उभ्या रचले जातात. शेवटी कोण मरणार हे माहीत असलेला प्रेक्षक पहाटेपर्यंत बसून राहतो, कारण आज हा राजा त्या राक्षसाला नेमकं काय बोलणार हे त्याला माहीत नसतं. कथेतही तसंच आहे. गोष्ट ओळखीची निघाली म्हणून वाचक पान मिटत नाही. लेखकाने दुसऱ्याच्या कथेतला परिणाम उचलला, पण त्या परिणामामागचं कारण उचललं नाही किंवा नवं घडवलं नाही, तेव्हा तो मिटतो. घर बंद आहे, कारण कथेत घर बंद असतं. बाई विहिरीवर उभी आहे, कारण तिथे ती उभी असते. पुढे सांगितलेली सगळी कृती एवढ्याचसाठी आहे : साच्याने वाचकाला दिलेला शब्द पाळायचा आणि त्यामागचं कारण आपल्या मातीतून नव्याने काढायचं.

पहिला खर्डा आणि दोन पेन्सिली

साचे शोधायचे ते खर्डा पूर्ण झाल्यावर. लिहिता लिहिता शोधायला गेलात तर हात थांबतो. पहिला खर्डा सरळ लिहून काढा आणि आठ-दहा दिवस बाजूला ठेवा. मग तो कागदावर छापून घ्या; पडद्यावर आपलीच वाक्यं फार गुळगुळीत दिसतात.

आता लाल आणि निळी अशा दोन पेन्सिली घ्या. जी वाक्यं लिहिताना एक क्षणही थांबावं लागलं नव्हतं, त्यांखाली लाल रेघ ओढा. जी वाक्यं तुम्ही पाहिलेल्या, विचारलेल्या किंवा शोधून काढलेल्या गोष्टीवर उभी आहेत, त्यांखाली निळी. हे करताना स्वतःशी खरं बोलावं लागतं, कारण सुंदर वाक्य लाल असू शकतं. ‘समुद्राची गाज अखंड चालू होती’ हे वाक्य कानाला गोड आहे, पण ते हजारदा लिहून झालेलं आहे. सलग दीड पान लाल निघालं तर तिथे साचा तुमच्याऐवजी लिहीत होता असं समजा.

त्यानंतर कथेचा सारांश पंचवीस शब्दांत लिहा. माणसांची नावं, गावाचं नाव, नातीसुद्धा काढून टाका : ‘एकजण खूप वर्षांनी परत येतो, बंद जागा उघडतो, तिथल्या जुन्या अन्यायाचा त्याला पत्ता लागतो, तो न्याय देतो.’ असा सारांश डोळ्यांपुढे आला की साचा उघडा पडतो. रशियन लोककथा-अभ्यासक व्लादिमिर प्रॉप यांनी १९२८ मध्ये अद्भुतकथांचं असंच विच्छेदन केलं आणि त्यांतून ३१ ‘कार्यं’ वेगळी काढली. त्यांतली सुरुवातीची तीन पाहा : घरातलं कुणीतरी दूर जातं, एखादी मनाई केली जाते, ती मनाई मोडली जाते. ‘तिन्हीसांजेला पाणवठ्यावर जाऊ नको’ असं आजी म्हणते, तिथे दुसरं कार्य झालं. नात घागर उचलते, तिथे तिसरं. आपल्या कथेत अशी किती कार्यं आहेत हे समासात लिहून ठेवा, पुढे उपयोगी पडतं.

शेवटची कसोटी गावाची. तुमची कथा मनातल्या मनात कोकणातून उचलून सांगली जिल्ह्यातल्या एखाद्या गावात ठेवा. किती वाक्यं मोडतात ते मोजा. तीन हजार शब्दांच्या कथेत दहासुद्धा मोडली नाहीत, तर तुमचं कोकण भिंतीवर लावलेलं चित्र आहे. कथा त्याच्यात राहत नाही. नारळ, फणस आणि मासळी यांची नावं बदलून वाक्य तगत असेल तर ते मोडलं असं धरू नका. भरतीमुळे तर (खाडी ओलांडायची होडी) चुकली, आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधी करून ठेवायची, बेगमी झाली नाही म्हणून पोर उपाशी राहिलं, अशी कारणं मोडली पाहिजेत.

साच्याने दिलेला शब्द

साचा सापडला की लगेच तो उलटा करू नका. आधी तो वाचकाला काय द्यायचं कबूल करतो ते एका वाक्यात लिहा. बंद घर म्हणतं : इथे तुझ्याआधीचं कुणीतरी आहे. परतणारा मुलगा म्हणतो : जे सोडून गेलास त्याचा हिशेब द्यावा लागेल. भावांचा वाद म्हणतो : वाटणीत मोजता न येणारं काहीतरी तुटेल. समुद्राने नेलेला बाप म्हणतो : ज्याने पोसलं तेच मारतं, आणि तरी त्याच्याकडेच जावं लागतं. मनाई म्हणते : ती मोडली जाणार आहे, आणि तिची किंमत मोजली जाणार आहे.

हा शब्द मोडला तर वाचक रागावतो, आणि त्याचा राग रास्त असतो. भुताच्या कथेत भीती लागलीच पाहिजे. ‘ते भूत नव्हतंच, वाऱ्याने हलणारी झावळी होती’ असा शेवट करणाऱ्या कथा याच कारणाने पडतात. भीतीचा शब्द देऊन लेखक वेळेला तो चुकवतो.

आता समासातल्या प्रत्येक साच्यापुढे दुसरं वाक्य लिहा : ‘हे असं का झालं?’ उत्तर ‘नशीब’, ‘जुना शाप’, ‘पूर्वीपासून असंच’ किंवा कोरी जागा असेल, तर ते कारण बाहेरून आलेलं आहे. खरं काम या कोऱ्या जागेत आहे.

कारणं कुठे मिळतात

आपल्या किनाऱ्यावर कारणांचा तोटा नाही. फक्त ती कथांमध्ये शोधायची नाहीत. पंचांगात, सातबाऱ्यावर, बंदरावर आणि बागेत शोधायची.

भरती-ओहोटी घ्या. जुन्या लोकांचा आडाखा आहे : तिथीची पाऊणपट केली की पूर्ण भरतीची साधारण वेळ येते. पौर्णिमा किंवा अमावास्या, म्हणजे पंधरा; पाऊणपट सव्वाअकरा. म्हणून या दोन्ही तिथींना उधाणाची भरती दुपारी आणि मध्यरात्री सव्वाअकराच्या आसपास असते, ओहोटी सकाळ-संध्याकाळी. अष्टमीला भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती सहाच्या सुमाराला. खाडीत आत जाल तसं पाणी उशिरा पोचतं. आता आपल्या कथांत हटकून येणारं दृश्य आठवा : पौर्णिमेच्या मध्यरात्री ओहोटीच्या ओल्या वाळूवरून लांबवर चालत जाणारी पांढऱ्या लुगड्यातली बाई. ती वाळू त्या वेळी पाण्याखाली असते. किनाऱ्यावरचा वाचक इथेच तुमच्यावरचा विश्वास काढून घेतो. पण हीच अडचण कारण म्हणून वापरून बघा. पौर्णिमेला खाडी पायी उतरता येते ती संध्याकाळी, उजेड सरता सरता. पलीकडे गेलेल्याला मध्यरात्री परत येता येत नाही. मनाई मोडण्याची किंमत आता शापाने ठरत नाही, पाण्याने ठरते. आणि ती वाचकाला घड्याळात दिसते.

वादळाचंही तसंच. जुलैच्या तुफानात बापाचा ट्रॉलर बुडाला, असं लिहिताना थांबा. महाराष्ट्रात यांत्रिक नौकांना १ जून ते ३१ जुलै मासेमारी बंद असते. त्या दिवसांत त्या नौका बंदरात किंवा किनाऱ्यावर ओढून ठेवलेल्या असतात. बाप जुलैत समुद्रात असेल तर तो कायदा मोडून गेला, किंवा बिनयंत्राच्या लहान होडीतून गेला, आणि दोन्हींमागे कर्ज, व्यापाऱ्याची उचल किंवा घरातलं दुखणं असं काहीतरी असणार. एवढ्याने जुना साचा हलतो : समुद्राने नेलं, पण त्याला कुणी आणि कशाने ढकललं? ऐन हंगामात वादळ हवं असेल तर ऑक्टोबर-नोव्हेंबर किंवा मे आहेच. फयान चक्रीवादळ ११ नोव्हेंबर २००९ ला आलं, नौका बाहेर असण्याच्या दिवसांत. निसर्ग चक्रीवादळ ३ जून २०२० ला आलं. त्याने रायगड-रत्नागिरीत घरांची छपरं आणि नारळ-सुपारीच्या बागा झोपवल्या. एका वादळात माणूस जातो, दुसऱ्यात तीस वर्षांची बाग जाते. दोन दुःखांच्या दोन वेगळ्या कथा होतात, एकीचा शेवट दुसरीला लावता येत नाही.

भुताखेतांच्या बाबतीत लोकसमजूत कथालेखकांपेक्षा कितीतरी नेमकी आहे. मुंज झाली पण लग्नाआधी गेला तो मुंजा, आणि तो पिंपळावर. पाण्यातला गिऱ्हा. वाट चुकवतो तो चकवा. दक्षिणेकडे देवचार गावाच्या हद्दीची राखण करतो, चुकल्यामाकल्याला घरापर्यंत सोडतो असंही मानतात. प्रत्येकाला त्याच्या मरणाचं किंवा कामाचं कारण जोडलेलं आहे. आपण मात्र सगळ्यांना एकाच पांढऱ्या लुगड्यात गुंडाळतो. मुंजा घ्यायचा तर मुंज आणि लग्न यांच्यामधली अपुरी राहिलेली वर्षं कथेत यायलाच हवीत. देवचार घ्यायचा तर हद्द यायला हवी, आणि ती हद्द आज कुणी कुंपण घालून सरकवली तर त्याने कुठे उभं राहायचं हा प्रश्न आपोआप उभा राहतो.

आमराईतल्या प्रेमकथेबद्दल थोडक्यात. हापूसच्या बागेत हंगामभर कोण राहतं ते जाऊन बघा. रत्नागिरी-देवगडच्या कितीतरी बागांमध्ये राखणीला आणि काढणीला नेपाळहून आलेली माणसं असतात, काही वेळा कुटुंबासह. प्रेमिकांची चोरटी भेट त्यांच्या खोपटासमोरून होते. त्यांच्या नजरेतून तीच भेट लिहिली तर मालकाच्या मुलाचं हळवेपण वेगळं दिसेल.

मुंबईकर चाकरमान्याचा साचा वापरताना साल ठरवाच. गिरणी संप १८ जानेवारी १९८२ ला सुरू झाला. कोकण रेल्वेचा सगळा मार्ग २६ जानेवारी १९९८ ला खुला झाला. १९८० चा चाकरमानी मनीऑर्डर पाठवणारा आहे. १९८३ मधला कदाचित ती न पाठवू शकलेला, आणि म्हणून घरी न आलेला. ‘वीस वर्षं फिरकला नाही’ या वाक्याला हे कारण मिळालं की तो कृतघ्न राहत नाही, लाजलेला होतो.

एक उदाहरण, तळापर्यंत

आता जुना परिच्छेद घेऊ, मुद्दाम घासून गुळगुळीत झालेला.

‘फाट्यावर एसटी थांबली. लाल धुरळा उडाला. वीस वर्षांनी विनायक गावी परतत होता. आजोबांचं घर समोर होतं. कौलं फुटलेली, दाराला गंजलेलं कुलूप. मागच्या विहिरीपाशी कुणीतरी उभं होतं.’

सहा छोटी वाक्यं आणि तीन साचे : परतणं, बंद घर, विहिरीवरची आकृती. शब्द मात्र एकच आहे, ‘इथे तुझ्याआधीचं कुणीतरी आहे’. तो ठेवायचा. आता कोऱ्या जागेत जाऊ : घर बंद का आहे?

कोकणातली घरं भुतांमुळे फारशी बंद पडत नाहीत. ती सामाईक असतात म्हणून बंद पडतात. सातबाऱ्यावर पणजोबांच्या नावाखाली वारस नोंदी वाढत जातात, कुणी बोरिवलीला, कुणी बडोद्याला, आणि एकाने कौलं बदलायची म्हटली तर बाकीच्यांना वाटतं हा घर लाटतोय. ९ सप्टेंबर २००५ पासून कायद्याने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत मुलांच्या बरोबरीचा हक्क दिला. त्यामुळे घर विकायचं किंवा वाटायचं म्हटलं की लग्न होऊन गेलेल्या आत्याची सही लागते, आणि भाऊ हक्कसोडपत्राचे कागद घेऊन तिच्या दारात उभे राहतात. इथे आपली बाई सापडली. ती मेलेली नाही. तिने सही केलेली नाही.

घर बंद असल्याची खूण काय? गंजलेलं कुलूप सगळ्यांनी वापरलंय. पण एकमेकांवर भरवसा नसलेले तीन वारस तीन कुलपं लावतील. मग तिघं एकत्र कधी येतील? गणपतीला; यंदा पाळी कुणाची, हाही वाद तयारच. घड्याळ मिळालं : चतुर्थीपासून गौरी-विसर्जनापर्यंत. आता पुन्हा लिहू.

‘दाराला तीन कुलपं होती. मधल्याची किल्ली विनायकच्या खिशात. वरचं थोरल्या काकांचं, खालचं बोरिवलीच्या चुलतभावाचं. तिघं एका दिवशी आल्याशिवाय घर उघडत नसे, आणि तिघांना एका दिवशी आणायला आता गणपतीच लागत. चतुर्थीला चार दिवस होते. तो ओटीवर पिशवी उशाला घेऊन पडला. काळोख झाला तशी दाराच्या फटीतून उजेडाची एक रेघ त्याच्या चपलेवर आली. आत कुणीतरी देवाजवळ दिवा लावला होता.’

भीती गेली नाही, उलट वाढली, कारण आत जाणं शक्य नाही हे वाचकाने कुलपं मोजून ठरवलेलं आहे. उत्तरही घरातच आहे : न्हाणीघराच्या दाराची आतली कडी फळीच्या फटीतून सुरीचं पातं सारून उचलता येते, आणि या घरात वाढलेल्या आत्याला ते आठव्या वर्षापासून ठाऊक आहे. ती दोन वाड्या पलीकडे दिलेली. रोज तिन्हीसांजेला येते, दिवा लावते, जाते. तिला वाटा हवा आहे का? बहुधा नाही. पण सही केली की या दारातून येणं चोरी होईल.

या उत्तराची पेरणी आधी करावी लागते. मोठं कारण वाचकासमोर तीनदा यावं : एकदा सहज, पहिल्या चतुर्थांशात (लहानपणी न्हाणीघराचं दार बाहेरून उघडून पोरं आंबे पळवत), एकदा कामात, मध्यावर, आणि एकदा उलगड्यात. एकदाच आलं तर ते लेखकाने ऐन वेळी आणून ठेवल्यासारखं दिसतं. चारदा आलं तर वाचक तुमच्या आधी पोचतो.

कुठे बिघडतं

सगळ्यात जास्त बिघडतं ते नुसतं उलटं करण्याने. भूत दुष्ट होतं ते प्रेमळ केलं, धाकटा भाऊ लबाड होता तो भोळा केला. साचा तोच राहतो, फक्त आरशात दिसतो, आणि वाचकाला आरसा कळतो. कारण बदललं नसेल तर उलट-सुलट करून काही हाती लागत नाही.

दुसरा बिघाड अभ्यासू लेखकांचा. पडवी, माजघर, गडगा, पाखाडी, झाप, आढी, कोयती, रातांबे, सगळं पहिल्याच पानावर. शब्द खरे असतात, तरी पान संग्रहालय होतं. पानाला दोन-तीन तपशील पुरतात, आणि त्यातला एक तरी पुढे कुणाच्या तरी हातात यायला हवा. आंब्याची आढी दाखवलीत तर तिच्यातला कुजलेला आंबा वेळेत न काढल्याने काय झालं, हे कथेला लागू द्या. पावसाचा तपशीलही महिन्याप्रमाणे निवडा. जूनच्या पहिल्या सरीत मातीचा वास येतो. जुलैच्या तिसऱ्या आठवड्यात मीठ पाझरतं, काडी पेटत नाही आणि जांभ्याच्या भिंतीवर हिरवं चढतं. विरहाचं दृश्य जुलैत असेल तर मातीच्या वासाऐवजी न वाळलेल्या कपड्यांचा वास लिहा.

बोलीबद्दल मला फार तळमळीने सांगावंसं वाटतं. ‘माका’, ‘तुका’, ‘खंय’ ही मालवणी रूपं आहेत. संगमेश्वराकडचं किंवा रायगडच्या आगरी-कोळी वस्तीतलं माणूस असं बोलणार नाही. सगळ्या कोकणाला मालवणी बोलायला लावणं हा स्वतःच एक साचा आहे. दुसरा त्याहून त्रासदायक : बोली फक्त गड्याच्या, म्हाताऱ्याच्या किंवा हसवणाऱ्या पात्राच्या तोंडी, आणि दुःख, प्रेम, विचार सगळे प्रमाण मराठीत. तुमच्या कथेत एक तरी गंभीर निर्णय बोलीत घ्या. ज्या तालुक्यातली कथा आहे तिथली पाच-सहा रूपं निवडा, ती शेवटपर्यंत सारखी ठेवा आणि त्या गावच्या माणसाकडून मोठ्याने वाचून घ्या. तो जिथे अडखळेल तिथे खूण करा.

तिसरा बिघाड सगळं उलगडून सांगणाऱ्या आजीचा. शेवटच्या पानावर ती सलग दोनशे शब्द बोलत असेल, तर तिला जे माहीत आहे त्याचे तुकडे करा आणि तिघांना वाटून द्या. प्रत्येकाला थोडं चुकीचंही माहीत असू द्या. तलाठ्याला फेरफार माहीत आहे, शेजारणीला भांडण, आणि आत्याला फक्त दिवा.

पाच वाचकांची चाचणी

सुधारलेला खर्डा पाच जणांना द्या, त्यातले दोघं तरी किनाऱ्यावर राहणारे असावेत. पूर्ण देऊ नका; पहिला एक तृतीयांश द्या आणि विचारा, पुढे काय होईल आणि का. ‘काय’ चं उत्तर पाचांपैकी चौघांनी बरोबर दिलं तरी घाबरू नका, दशावतारातही ते माहीतच असतं. ‘का’ चं उत्तर मात्र लिहून घ्या. तिघांनी तुमचंच कारण सांगितलं तर ते अजून बाहेरचं आहे, पुन्हा सातबाऱ्याकडे, बंदराकडे चला. कुणालाच अंदाज आला नाही तर पेरणी कमी पडली, पहिल्या चतुर्थांशात एक वाक्य वाढवा. एखाद-दुसऱ्याने ते अर्धवट ओळखलं आणि ‘पण मग ती सही का करत नाही?’ असं उलट तुम्हालाच विचारलं, तर तो प्रश्न त्याच्याच शब्दांत टिपून ठेवा आणि उरलेले दोन तृतीयांश त्याला समोर ठेवून पुन्हा लिहायला घ्या.